मोंबाशाचा तांदूळ

मोंबाशाला आमच्या चुलीशेजारी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलेला असतो. रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ त्या डब्यात जातात. हा डबा काही माझ्या एकटीच्या घरी नाही. बंदराजवळ आणि रेल्वेच्या चाळींत आपली जी थोडी मराठी घरं आहेत त्या सगळ्यांकडे तो आहे. नैरोबीला आणि किसुमूलाही आहे. महिना सरला की आम्ही बायका ते तांदूळ एकत्र करून दुकानदाराला विकतो, पैसे मंडळाकडे देतो आणि मंडळ ते कर्जतला माझ्या मामांकडे पाठवतं. अण्णामामा तिथल्या शाळेत मास्तर होते, आता घरीच असतात. पावसाळ्यात डोंगराखालच्या ज्या वाड्यांमध्ये चूल पेटत नाही तिथे ते या पैशांतून तांदूळ पोचवतात. इथून मूठभर जातो, तिथे पोतं होऊन उतरतं, असं आमच्या मंडळाचे चिटणीस दर गणपतीत भाषणात सांगतात.

पण डब्यात मूठ टाकणाऱ्यांपैकी कोणीच ते पोतं उतरताना पाहिलेलं नाही. यंदा फार वर्षांनी मला माहेरी जायचा योग आला तेव्हा सगळ्या बायकांनी बजावलं, "तू जातेच आहेस तर बघून ये. आणि आल्यावर सगळं लिहून काढ, आम्हाला वाचता येईल असं." बरोबर त्यांनी तिकडच्या गरीब मुलांसाठी शिवलेल्या बंड्यांची एक ट्रंकही दिली. मी बघून आले. आता लिहायला बसले आहे, आणि मी नक्की काय बघून आले हे माझं मलाच अजून धड कळलेलं नाही. तेव्हा जसं घडलं तसं सांगते.

कर्जत

बोटीचं आणि गाडीचं काही सांगत नाही. तुम्ही सगळ्यांनी तो प्रवास केला आहे, आणि मला बोट लागते हेही तुम्हाला ठाऊक आहे.

कर्जतला उतरले तेव्हा आश्विन संपत आला होता. घाटाच्या बाजूचे डोंगर अजून हिरवे होते, पण गवताचे शेंडे पिवळे पडू लागले होते. मामींनी पहिल्याच जेवणाला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली. मी दोनदा वाढून घेतलं आणि म्हटलं, "मामी, आपल्याकडे असे वाल मिळतच नाहीत हो."

मामी वाढता वाढता थांबल्या. "आपल्याकडे म्हणजे कुठे गं? तू आत्ता आपल्याकडेच बसली आहेस."

मी हसले, पण मनातून जरा चपापले. मोंबाशाला असताना आम्ही "आपल्याकडे" म्हणतो ते कर्जत-पनवेलला, पुण्याला. तिथल्या मोगोच्या कंदाची भाजी खाताना आपल्याकडच्या सुरणाची आठवण काढतो. हा शब्द कधी आणि कुठे उलटा झाला ते मला कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवरून पाणी आणून देणाऱ्या बाईला मी "असांते" म्हणाले. ती बिचारी घाबरून मामींना विचारायला गेली, पाहुणी बाई रागावल्या का म्हणून. आभार मानल्याचं मी समजावून सांगितलं तेव्हा ती आणखीच गोंधळली. पाणी आणल्याबद्दल तिचे आभार तोपर्यंत कोणी मानले नव्हते.

लोधिवली

मामांनी बेत असा आखला होता की आधी खालापुराकडची लोधिवली, मग नेरळच्या बाजूने पोशीर आणि कळंब. लोधिवलीला बंड्या वाटायच्या, कळंबच्या वरच्या वाडीत तांदूळ खाणारी माणसं बघायची.

चौकपर्यंत आम्ही मोटारीतून गेलो. पुण्याच्या सडकेवर आता या मोटारी धावतात, आणि बसणाऱ्याची हाडं मोकळी करतात. चौकहून लोधिवलीला चालत. एका बाजूला इरशाळचा सुळका सारखा दिसत राहतो, जरा वळलं तरी पाठ सोडत नाही.

मजुरीला जाणाऱ्या लोकांची आठदहा घरं गावाच्या कडेला आहेत. तिथल्या अंगणात मी ट्रंक उघडली. तुम्ही शिवलेल्या बंड्या एकेक करून बाहेर काढल्या. निळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, कोणाच्या तरी नेटक्या काजाबटणांच्या. बायका जवळ आल्या, पण कोणी हात लावेना. शेवटी एका म्हातारीने हळूच विचारलं,

"कोन वारलं, बाय?"

"कोणी नाही."

"लेकरू गेलं का कुनाचं?"

"नाही हो. सगळ्यांची मुलं खुशाल आहेत."

"मंग नवस हुता?"

"नवसही नाही."

"मंग कशापायी देता?"

त्यांच्याकडे कोणी गेलं की त्याचे कपडे वाटतात किंवा नवस फेडायचा म्हणून देतात. या दोन्हींखेरीज नवं कोरं कापड परक्याच्या पोराच्या अंगावर का चढावं? मी म्हटलं, "तुमची आठवण येते म्हणून." म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. ती मला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती.

मग एक तरुण बाई पुढे आली आणि बाकीच्यांना म्हणाली, "घ्या गं. बायचं तोंड उतरलंय बगा." तशी सगळ्यांनी एकेक बंडी उचलली. पोरांच्या अंगात मात्र कोणी घातली नाही; काखोटीला मारून नेली. परतताना मामा गालातल्या गालात हसत होते. मला हसू येत नव्हतं. आम्ही त्यांची कीव करून पाठवलेल्या बंड्या त्यांनी माझी कीव करून घेतल्या होत्या.

पोशीरवरून कळंबला

नेरळहून पुढे बैलांची दमणी केली. पोशीरला भातकापणी चालली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचा गोडसर वास, आणि माथेरानचा डोंगर पाठीमागे सरकत जाणारा. मोंबाशाला आपण तिथला पिशोरी तांदूळ खातो आणि नाक मुरडतो. इथे शेताच्या कडेला बसून खाल्लेल्या पोह्यांना जो वास होता तो मी डब्यात भरून आणू शकले असते तर बरं झालं असतं.

पोशीरची नदी ओलांडताना माझा एक बूट गेला. पांढरे कॅनव्हासचे बूट मी खास डोंगर चढण्यासाठी मोंबाशाहून आणले होते. दमणी अडकली म्हणून खाली उतरले आणि पाण्यात पाय टाकला, तो पाय वर आला, बूट आला नाही. गाडीवान म्हणाला, "दुसरा बी सोडा, जोडीनं जाऊ द्या." मी तो सोडला नाही. उगाच हातात धरून कळंबपर्यंत गेले आणि तिथे मामांच्या एका विद्यार्थ्याच्या घरी पडवीत ठेवला. पुढचे दोन दिवस त्यांच्या घरातल्या वहाणा घालून हिंडले.

मामांचे गुडघे चढावाला साथ देत नाहीत. ते कळंबलाच थांबणार होते. मला वर न्यायला वाडीतून एक बाई येणार होती. ती सकाळीच आली. पंचविशीची, उंच, कपाळावर गोंदलेलं. तिचं नाव जानी. वाडी कातकऱ्यांची. त्यांची आपसातली बोली मला निम्मीच कळायची, पण माझ्याशी बोलताना ती खालच्या गावची भाषा बोलत होती.

वाट चढायला लागल्यावर ती माझ्या पुढे चालत होती. मग एकदम म्हणाली, "त्यो काय बोल्ला?"

"कोण?"

"त्योच."

मला वाटलं, मामांविषयी विचारते आहे. म्हटलं, "ते खालीच थांबलेत, गुडघे दुखतात."

"मास्तर नाय हो. त्यो. तिकडला."

मग मला वाटलं, मंडळाच्या चिटणीसांचं नाव तिच्या कानावर गेलं असेल. "हो, त्यांनी सगळ्यांना नमस्कार सांगितलाय."

ती जागीच थांबली. "नमस्कार? मला?"

"सगळ्यांना."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी भलतंच बोलले आहे हे माझ्या लक्षात आलं. पण काय, ते समजेना. ती वळून भराभर वर चढायला लागली.

वाडी

वाडी डोंगराच्या एका सपाटीवर आहे. कुडाची, गवताने शाकारलेली वीसेक खोपटं, मध्ये एक मोठं मोहाचं झाड. माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर जायची होती, पण अजून निघाली नव्हती, म्हणून सगळी वाडी जागेवर होती. मी पोचताच एक अगदी वाळलेली म्हातारी धावत आली. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्यांनी माझ्या डोळ्यांखाली चोळू लागली.

"ह्या डोळ्यांनी बगितलंय," ती सगळ्यांना सांगत होती. "ह्याच डोळ्यांनी माज्या गोमाला बगितलंय."

वाडीचा नाईक, धर्मा नावाचा पोक्त माणूस, त्याने मला बसायला घोंगडी टाकली. रानातले उकडलेले करांद्याचे कंद आणि मीठ पुढे आलं. करांदे मी लहानपणानंतर खाल्ले नव्हते. कडवट, पिठूळ, आणि मागे जिभेवर गोड चव राहते. मी खात होते आणि म्हातारी एकामागून एक विचारत होती. गोमा जाड झाला का? तिकडे त्याला ताडी मिळते का? खोकला गेला का? पावसाळ्याआधी तो आजारी होता का, कारण यंदा तांदूळ उशिरा आला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडू लागला. मी नाईकाला विचारलं, "गोमा कोण?"

नाईक मोठ्याने हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे. पण त्याने सांगितलं. गोमा हा या बुधी म्हातारीचा मुलगा. काही वर्षांपूर्वी कोळशाच्या ठेकेदाराबरोबर मुंबईला गेला. बंदरावर कोळसा भरता भरता एका आगबोटीवर चढला, असं कोणीतरी येऊन सांगितलं. त्यानंतर काही पत्ता नाही. पण पुढच्याच पावसाळ्यात वाडीत तांदूळ आला. मास्तरांबरोबर आलेल्या गाडीवानाला विचारलं, कुठून? तो म्हणाला, दर्यापलीकडून, मोंबाशाहून. मग दर पावसाळ्यात येतच राहिला.

"दुसरं कोन हाय आमचं दर्यापल्याड?" नाईक म्हणाला. "त्योच धाडतोय."

मी म्हटलं, "मी गोमाला ओळखत नाही. मी त्याला कधी पाहिलेलं नाही."

म्हातारीने मान डोलावली आणि आणखी दोन करांदे माझ्यापुढे सारले. तिला काही ऐकू आलं नव्हतं असं नाही. तिने ते मनावर घेतलंच नव्हतं.

उतरताना जानी माझ्या पुढे चालत होती. अर्ध्या वाटेवर एका खडकाशी ती थांबली आणि वळली.

"खरं सांगा, बाय. तुमी त्याला बगितलाच नाय ना?"

"नाही."

"कुनीच नाय बगितला?"

"माझ्या माहितीत कोणी नाही. तो तुझा कोण?"

तिने जमिनीकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती हे मला तेव्हा उमगलं, आणि सकाळचं आमचं सगळं बोलणं आठवून माझे कान तापले. चिटणीसांचा नमस्कार मी तिला तिच्या नवऱ्याचा म्हणून पोचवला होता.

"लगीन झालं आनि वरीस बी नाय झालं तर गेला," ती म्हणाली. "पोशीरच्या अंगाला वाडी हाय तितला काळू मला इचारतोय. चांगला हाय. मला बी वाटतं जावं. पन सासू म्हंते, त्याचा दाना येतोय तवर तू त्याची. दाना खातेस ना, मंग? नाईक बी तसंच म्हंतो. मी काय बोलनार? खाल्लाय की मी."

मला तिथे उन्हात उभं राहून आपला डबा दिसत होता. मी रोज टाकलेली मूठ. तुम्ही टाकलेली. आपण कोणाच्या तरी पोटात घास घालतो आहोत एवढंच आपल्याला माहीत होतं.

"मी काय करू सांग," मी म्हटलं.

"उद्या या आनि समद्यांना खरं सांगा."

कळंबला, दिवेलागणीला

मामा पडवीत सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते मुळीच दचकले नाहीत.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"सुमे, पहिल्या वर्षी मी पोतं घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ते घेतलं नाही. फुकट कोणी काही देत नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे. आज तांदूळ देणारा उद्या वेठीला नेईल, पोरं भट्टीवर लावील, असा त्यांचा अनुभव. पोतं तिथेच मोहाखाली पडून होतं आणि पोरं वाटेवरचा पाला उकडून खात होती. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हा गोमाचा तांदूळ. त्याच दिवशी पोतं फुटलं. मी कशाला तोंड उघडू?"

"पण जानीचं काय?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तिचं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. मग अडकित्ता पुन्हा उचलत म्हणाले, "तू खरं सांगून मोंबाशाला जाशील. आषाढात मी इथे असणार आहे."

मी त्यांच्यावर चिडले. ते बरोबर बोलत होते म्हणून जास्तच चिडले. घरच्या बाईने सुकटीचं कालवण आणि नाचणीची भाकरी वाढली. एरवी मी ताट चाटूनपुसून खाल्लं असतं. त्या दिवशी अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली. मोंबाशाला कुठलाही पेच पडला की आपण म्हणतो, आपल्या माणसांत असतो तर हे झालं नसतं. आता मी आपल्या माणसांत होते, आणि यात आपली माणसं म्हणजे कोण हेच मला धरता येईना.

पुन्हा वाडी

सकाळी जानी न्यायला आली नाही. मी काल पाहिलेल्या वाटेने एकटीच चढले, दोनदा चुकले, आणि घामाघूम होऊन पोचले. जवळजवळ सगळी वाडी मोहाच्या झाडाखाली जमली होती. मी येणार हे जानीने सांगून ठेवलं असावं. काळूही आला होता; दूर, एका खोपटाला टेकून उभा होता. मी त्याला ओळखलं, कारण तो जानीकडे मुळीच बघत नव्हता.

मी उभी राहिले आणि जमेल तेवढं साधं करून बोलले. मोंबासा शहर आहे, तिथे आमच्यासारखी पुष्कळ माणसं पोटासाठी गेली आहेत. आम्ही बायका रोज भात करताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतो. त्याचे पैसे होतात, ते मास्तरांकडे येतात आणि मास्तर इथे तांदूळ घेऊन तुमच्याकडे पाठवतात. गोमा त्यात नाही. तो कुठे आहे आम्हाला ठाऊक नाही.

मग बुधीने विचारलं, "रोज काडता?"

"रोज."

"कुनासाठी?"

"तुमच्यासाठी."

"आमची नावं ठाव हुती तुमाला?"

"नाही."

लोक हसले. माझी टर उडवण्यासारखं हसू नव्हतं ते. लहान मुलाने काहीतरी भाबडं बोलावं तसे हसले. धर्मा नाईक समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाय, ज्याचं नाव ठाव नाय त्याच्यासाठी रोज मूठ कोन काडतं? देवासाठी काडत्यात. आमी काय देव हाव?"

"खरंच सांगते."

"त्यानंच सांगितलं असनार, सांगू नको म्हनून," बुधी इतरांकडे वळून म्हणाली. "ल्हानपनापासून असाच हाय. रानातून मध आनायचा आनि गुपचूप ठेवून जायचा."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. जितकं मी नाही म्हणत होते तितकी त्यांची खात्री पटत होती. एवढ्या लांबून बाई आली, डोंगर चढून दोनदा आली, ती काय कोणी न सांगता? शेवटी मी खाली बसले. जानीकडे बघायची माझी हिंमत होईना.

तीच उठली. झाडाखाली गवताच्या वाळक्या काड्या पडल्या होत्या, त्यातली एक तिने उचलली आणि सगळ्यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"ह्या बाय त्याच्याकरनं आल्यात ना?" ती नाईकाला म्हणाली.

"हां."

"त्यानंच धाडल्यात ना?" हे सासूला.

"मंग कुनी गं?"

"मंग त्याच्याकरनं काडी बी ह्याच मोडतील." आणि तिने ती काडी माझ्या हातात दिली.

काडीमोड हा शब्द मी जन्मभर ऐकला होता. खरी काडी हातात येते हे मला माहीत नव्हतं. नाईक विचारात पडला. दोघातिघा जुन्या माणसांशी त्यांच्या बोलीत काही बोलला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बरोबर हाय तिचं. बाय, त्यानं सोडली म्हनला असंल तर मोडा. नसंल म्हनला तर काडी तिला परत द्या."

मी त्या काडीकडे बघत होते. आत्ताच मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की मी या माणसाला ओळखत नाही. ते खरं कोणी घेतलं नव्हतं. आता त्याच्या वतीने खोटं बोलले तर ते लगेच घेतलं जाणार होतं. तो कुठे असेल? एखाद्या आगबोटीच्या तळाशी कोळसा ओढत, आपली बायको वाडीत वाट बघते आहे एवढ्या एका विचारावर तगून असेल का? की समुद्रात कधीच गेला असेल? दोन्हींतलं काहीही असलं तरी त्याच्या बायकोला सोडायचा मला काय अधिकार? मग वाटलं, तिला बांधून ठेवायचा तरी आपल्याला कुठे होता?

जानी माझ्या हातातल्या काडीकडे बघत उभी होती. बुधी माझ्या तोंडाकडे टक लावून बसली होती.

मी म्हटलं, "गोमाने जानीला सोडली." आणि काडी मोडली. आवाज जेमतेम आला.

मी बुधीकडे पाहिलं. वाटलं, आता ही रडेल, मला शिव्या देईल. पण ती एकदम उठली आणि टाळी वाजवून ओरडली,

"मोडली! अगं, मोडली त्यानं! म्हंजी हाय त्यो! जिता हाय! मेला असता तर काडी मोडाय कुनी धाडली असती?"

ती खोपटाखोपटातून फिरून तेच सांगायला लागली. दाराशी आजारी पडलेल्या एका म्हाताऱ्याला हलवून हलवून सांगितलं. इतकी वर्षं ती सगळ्यांना छातीठोकपणे गोमाचा तांदूळ म्हणून सांगत होती, पण तिची स्वतःची खात्री आज पटली होती, आणि ती माझ्यामुळे. जानी माझ्याजवळून जाताना थांबली नाही. फक्त तिचा हात माझ्या खांद्याला लागला, की चुकून लागला, तेही मला सांगता येणार नाही.

निघताना बुधीने करांद्यांचं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. "गोमाला द्या. आनि त्याला म्हना, सोडलीस ती सोडलीस, मी कायपन बोलनार नाय. पन एक डाव आयेला तोंड दाकवून जा."

मी म्हटलं, "सांगते."

परत

कळंबला मामांनी एवढंच विचारलं, "पुढच्या पावसाळ्यात तांदूळ घेतील?"

"घेतील," मी म्हटलं.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पोशीरवरून परतताना एका शेतात भात कापणाऱ्यांच्या रांगेत मला जानी दिसली. शेजारी काळू होता. दोघं वाकून कापत होती आणि तिचा विळा त्याच्यापेक्षा पुढे चालला होता. दमणी जवळून गेली तेव्हा तिने वर पाहिलं, कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि पुन्हा वाकली. मामांनी ओळख दिली की नाही ते मी पाहिलं नाही.

करांदे मोंबाशापर्यंत टिकणार नव्हते. बोटीवर एका गुजराती कुटुंबाच्या शेगडीवर ते उकडून मी आणि त्या घरातल्या बाईने खाल्ले. ते दुसऱ्या कोणाचे होते हे मी तिला सांगितलं नाही.

आल्यापासून तुम्ही सगळ्या मला विचारता आहात, आपला तांदूळ पोचतो का? पोचतो. पोरं खातात का? खातात. पुढे पाठवावा का? पाठवावा असंच मी म्हणेन. डब्यात मूठ मी अजून टाकते. पण टाकताना मी आता तो तांदूळ कोणाचा आहे हे मनाशी ठरवू शकत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कोणाचे यजमान बंदरावर असतात, कोणाचे भाऊ झांजीबारला, दारेसलामला. मुंबईकडच्या बोटींवर कोळसा भरणाऱ्यांत गोमा नावाचा, कळंबच्या वरच्या वाडीतला कातकरी कोणाला भेटला तर त्याला सांगा की आई जिवंत आहे आणि एकदा तोंड दाखवून जा म्हणते. त्याचा खोकला गेला का तेही विचारा. आणि जानी आता पोशीरकडे असते, बरी आहे, हेही सांगा. तिच्यावर रागावू नकोस म्हणावं. काडी तिने मोडलेली नाही. मोंबाशाच्या एका बाईने मोडली; तिचं घर रेल्वेच्या चाळीत आहे, आणि जो काही जाब विचारायचा तो तिथे येऊन तिला विचारावा.